बावीस पट्ट्यांची पेटी

प्रिय दादा,

गुरुवारी तुझं वर्षश्राद्ध. संध्याकाळी माहीमच्या देवळात आपलं भजनी मंडळ तुझी चाल म्हणणार आहे. वहिनी गाईल आणि पेटीवर मी बसेन. त्याआधी तुला एक कबुली द्यायला हवी, नाहीतर तिथे माझा हात चालायचा नाही. तुझ्या पेटीला मी कानस लावली.

झालं असं. वहिनीने पेटी आणून दिली. मी मोबाईलवर तंबोरा सुरू केला, सा दाबला, पंचम दाबला. पंचम थरथरत होता! खाऱ्या हवेने सूर सुटला असणार, असं वाटलं. आपण दोघांनी गावातल्या किती पेट्यांचे असे सुटलेले सूर लावले! त्या सुराच्या आतल्या पितळी पत्तीच्या मुळाशी दोनदा घासलं. पंचम उतरला आणि तंबोऱ्यात विरघळून गेला. मी हात जोडले.

ही पेटी तू का केलीस, ते मला आठवायला हवं होतं. वहिनीचा सा साध्या पेटीत दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. इतकी वर्षं ती बिचारी कधी खाली ओढून, कधी वर ताणून गायली. आणि तुला तर तिच्या सुराखाली तीन-तीन स्वर एकत्र धरायचे होते. बोईसरच्या कारखान्यात दिवसभर बारीक मापं घेणारा माणूस घरी येऊन सप्तकाचे बावीस सारखे भाग करत बसला. कुठल्याही पट्टीला सा म्हणा, पुढची अंतरं तीच!

पखवाजवाले दामूकाका पट्ट्यांची गर्दी बघून म्हणाले होते, "पेटी हाय का फणी रे?" तू नुसता हसलास.

मी मात्र भांडलो. पंचम देवाचा, तो जागचा हलवायचा तुला काय अधिकार, असं तोंडावर विचारलं. तू शांतपणे म्हणालास, "गजा, बारा सारखे केलेले चालतात तुला. त्यांच्यावरच रोज देवाचं नाव घेतोस. मग बावीस का नाय चालत?"

 

परवा तालमीला बसलो. वहिनीचा सा म्हणजे पेटीच्या सा पासून सहा पट्ट्या पुढे. तिने सूर लावला, मी तिचे सा, ग, प एकदम दाबले आणि ती थांबली. म्हणाली, "भावजी, यात कोनी हात घातला? हा ह्यांचा गंधार नाय."

कोणीच नाही, असं मी म्हणालो. दादा, मी तुझ्या बायकोशी खोटं बोललो! घरी येऊन पट्ट्या मोजल्या तेव्हा कळलं. मी ज्याला पेटीच्या सा चा पंचम समजून घासलं, तोच तिच्या सा चा गंधार होता. एकाचं शुद्ध करायला गेलो आणि दुसऱ्याचं बिघडवलं.

मग पेटीसोबत आलेली तुझी वही उघडली. आधी का नाही उघडली, विचारू नकोस. शेवटच्या पानावर तुझ्या अक्षरात होतं: "पंचम थोडा चढा राहणार, थरथरणार. गजा कानस घेऊन येईल. त्याला हात लावू देऊ नये." इतकं ओळखत होतास, तर मला तोंडाने सांगायला काय झालं होतं?

आणि वहीत लिहिलेल्या चालीत दोन-दोन गंधार! सा पासून पंचमाच्या चार उड्या मारत, सा-प-रे-ध-ग असं गेलं की गंधार येतो आठव्या पट्टीवर. सा आणि प यांच्यासोबत गोड बसतो तो मात्र सातव्या. अक्षर एकच, म्हणून एका ग खाली तू बारीक आकडीसारखी खूण काढलीस. पण खूण सातव्याची की आठव्याची, हे कुठेच लिहिलं नाहीस. एका पानावर एक पटतो, दुसऱ्यावर दुसरा. माझं डोकं चालेना.

शेवटी काल सकाळी पेटी घेऊन वहिनीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती रागावली नाही, हे जास्त लागलं. ती ओटीवर बसली, म्हणाली, "मी गाते. तुमी घासा." ती गंधार धरायची, मी सूर चढवायला पत्तीच्या टोकाशी जरा घासून पुन्हा दाबायचो. तिने मान डोलावली तिथे थांबलो. खुणेच्या ओळीही तिच्याकडून म्हणवून घेतल्या. तिने सातवाच धरला. एका जागी आठवा.

आता पंचम पुन्हा थरथरतो, पहिल्यापेक्षा थोडा जास्तच असं वाटतं. म्हणजे ती तुझ्या हिशेबाचा गंधार गायली की देवाने दिला तो? हा सूर आता तुझा आहे की तिचा? मला खरंच कळत नाही, दादा.

पण वचन देतो. गुरुवारी दामूकाका काहीही म्हणोत, पंचम थरथरला तरी मी भाता थांबवणार नाही. वहिनी गाते आहे तोवर ही पेटी तिच्या गळ्याला लावलेलीच राहील. माझ्या कानाला पटो न पटो.

तुझा,
गजा