नखाची रेघ

जुरेमाताई,

काल पथकाच्या दारात तू माझा हात धरलास, तेव्हा मला वाटलं, बहीण आत घेऊन चालली. तू सगळ्यांसमोर माझ्या दंडावरून नख ओढलंस. काळ्या कातडीवर पांढरी रेघ उठते. माझ्या दंडावर लाल उठली. "वर्षभर उन्हात बस आणि मग ये, बाई," तू म्हणालीस. ढोलवाले खिदळले. बाई म्हणालीस मला! पाठच्या बहिणीला!

गोऱ्यांनी त्यांच्या कार्निव्हलात आपल्याला उभं केलं नाही, म्हणून हे फक्त काळ्यांचं पथक निघालं. मला काय ते सांगायला हवं? पण माझा बाप वेगळा निघाला, यात माझा काय गुन्हा?

आई कोपऱ्यावर वडे तळायची, तेव्हा गिऱ्हाइकं विचारायची, "दोघी तुझ्याच का गं?" आई म्हणायची, "एकाच कढईतल्या आहेत. धाकटी जरा कमी तळली गेली." सगळ्यांत मोठ्याने तूच हसायचीस.

हे पत्र काही मी टाकणार नाही. टाकलं, तर तू ते पथकात वाचून दाखवशील आणि पुन्हा हशा पिकेल.

आज किनाऱ्यावरच्या इमारतीत गणिताची शिकवणी घ्यायला गेले होते. पुढच्या लिफ्टपाशी उभी होते, तर एक गोरी बाई म्हणाली, "कामवाल्यांची लिफ्ट मागे आहे."

तिने माझा हात धरला नाही, ताई. नखही लावलं नाही. तिने मला लांबूनच ओळखलं.

तुझी कमी तळलेली,
नालवा