पाच फूट आठ इंचांच्या वर

८ एप्रिल २०२५, मंगळवार

स्वयंपाकघराची भिंत नऊ फूट दोन इंच. काशीराम सुताराने दोनदा टेप लावून नक्की केलं. मी आठ फूट धरून आराखडा काढला होता — म्हणजे वर चौदा इंच फुकटचे मिळाले! बोळिंजच्या फ्लॅटमध्ये चौदा इंच म्हणजे खोलीच.

अकरा वर्षं वर्तमानपत्राच्या पुरवणीत घर आवरण्यावर लिहितेय. दर गुरुवारी चारला कॉपी, एकदाही चुकलेली नाही. आणि स्वतःचं स्वयंपाकघर सासूच्या डब्यांनी भरलेलं! सुके बोंबील, जवळा, वाकट्या, खारे बांगडे, चिंच, आमसुलं, तीन तऱ्हेचे मसाले. अठरा डबे. कॅथरिन, वय चौऱ्याहत्तर, उंची चार फूट आठ. पाचूबंदरचा कोळीवाडा सोडून आमच्याकडे आली त्याला दोन वर्षं झाली, पावसाळ्याची बेगमी काही सुटत नाही. खाली बाजार आहे, म्हटलं. तर म्हणे, "बाजारची सुकट कोनी नि कशी वालवली, कोनला म्हाईत?"

नणंद रोझलीन अजून पाचूबंदरच्या घरातच आहे. सासूने तिच्याकडे परत जावं. पण हे मी म्हणायचं नाही. मी म्हटलं तर क्लेमेंट आधी तिचा मुलगा होईल, माझा नवरा नंतर. तिनेच म्हणायला हवं — मी जाते.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

मिस्साहून आलो. झावळीचा नवा क्रूस भिंतीला लावायचा होता, देव्हाऱ्याच्या वर. "मम्मी, तुम्हीच लावा. मान तुमचा." केवढी खूश! टाचा उचलून, बोटं ताणून लावला. ती आत गेल्यावर, बोटं पोचली होती तिथे पेन्सिलीने रेघ मारली. टेप लावला.

पाच फूट आठ इंच.

२२ एप्रिल, मंगळवार

काशीरामला सांगितलं — मम्मींच्या डब्यांची फळी सहा फूट चारवर. हा माणूस जूचंद्रचा. हात चांगला, तोंड मोठं. देव्हाऱ्यावरची रेघ कसली, त्याने विचारलं; मम्मींच्या हाताची, म्हटलं.

"मॅडम, आजीचा हात नाय पोचायचा."

"कधीतरी लागणारं सामान वर. नियम आहे तो."

"आजी तर रोज काढतात."

"काशीराम, माप लिहा."

लिहिलं.

वस्तू टाकून दिली की भांडण होतं. उंच ठेवली की व्यवस्था होते. हे लेखात घालता येणार नाही. वाक्य चांगलं आहे, हळहळ वाटते.

२ मे, शुक्रवार

काम पूर्ण. अठरा स्टीलचे डबे वर, एका ओळीत, प्रत्येकावर नंबर. यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. क्लेमेंट म्हणाला, "एकदम मस्त!" सासू ओट्याशी उभी राहून मान वर करून बघत होती.

काशीराम उरलेल्या प्लायचं एक स्टूल करून घेऊन आला. "आजीला. माझ्याकडून." आभार मानले. तो लिफ्टमध्ये शिरल्यावर स्टूल माळ्यावर टाकलं, पार मागे. क्लेमेंटला सांगितलं, चढताना पडल्या म्हणजे? त्याला पटलं.

३ मे, शनिवार

सहा वेळा.

"ज्युली, जवल्याचा डबा काडून देस का गो?" क्लेमेंट सातला ऑफिसला जातो, रात्री आठला येतो. शनिवारीही. मागायचं तर माझ्याकडेच. मी लिहीत असते. हातातलं वाक्य पूर्ण करून उठते. आज वाक्यं लांब होती.

ती दारात उभी राहते. हाक एकदाच मारते. हे मात्र मानलं.

६ मे, मंगळवार

चार वेळा. एकदा मी मुद्दाम चुकीचा डबा दिला. "हा नाय गो, सात नंबर." मग पुन्हा ओट्यावर चढले, पुन्हा उतरले. माझ्या कपाळावर आठी नव्हती. आठी आली की समोरच्याला बोलायला जागा मिळते.

९ मे, शुक्रवार

एकदा. दुपारी वरण-भात जेवली, नुसता. बोंबलाशिवाय घास उतरत नाही म्हणणारी! विचारलं, "मम्मी, काही काढून देऊ?"

"नको गो. तुजा काम चालू हाय."

आठवडासुद्धा लागला नाही.

११ मे, रविवार

काशीराम बिजागरी घट्ट करायला आला होता. क्लेमेंट घरी. देव्हाऱ्यावरची रेघ त्याला दिसली. "ही कसली?" मी चहा गाळत होते. काशीराम म्हणाला, "ती आजीच्या हाताची उंची ना, सर. मॅडमनी माप दिलं तेव्हा सांगितलं होतं."

पुसायला हवी होती. अकरा वर्षं कॉपी तपासणारी बाई मी, आणि घरात खूण ठेवली!

क्लेमेंट आधी रेघेकडे बघत राहिला, मग कपाटाकडे. म्हणाला, "रेघ खाली, फळी वर."

"सोय बघूनच केलंय."

"कोणाची?"

तो ताट घेऊन आईच्या खोलीत जेवायला गेला. जेवून पाचूबंदरला गेला.

१४ मे, बुधवार

मागणं पुन्हा सुरू! काल एक, दोन, तीन नंबर. आज चार, पाच, सहा. डबा खोलीत घेऊन जाते, तासाभराने आणून देते. "ठेव गो वर." चवड्यावर उभी राहून देते, तरी मलाच वाकावं लागतं.

ओळीने मागते. शाळेतल्या मुलीसारखी.

१८ मे, रविवार

क्लेमेंट पुन्हा पाचूबंदरला, जड पिशवी घेऊन. रोझलीन वर खोली बांधतेय, हा देखरेख करतो. नणंद एकटी राहते. तिला वरची खोली कशाला? विचारलं नाही. त्यांच्याकडचं त्यांनी बघावं.

२२ मे, गुरुवार

'हाताच्या उंचीवर' हा लेख छापून आल्यावर चौदा पत्रं आली. नायगावची एक बाई लिहिते, तुमच्या घरातली माणसं भाग्यवान. पत्र क्लेमेंटला वाचून दाखवलं. तो मोजे शोधत होता.

डबे परत ठेवताना हलके लागतात. म्हातारी खाते किती! बरंच झालं, माझा खांदा वाचला. जूनमध्ये विचारेन — मम्मी, आता नवीन कशाला भरायचं?

२५ मे, रविवार

ताटावर बसल्यावर सासू म्हणाली, "मी रोझलीनकडं जाऊन ऱ्हाते." वाक्य जसंच्या तसं, मला हवं होतं तेच.

"असं काय, मम्मी! इथे काय कमी आहे?" मी तीन वेळा थांबवलं. चौथ्यांदा नाही.

क्लेमेंट जेवत राहिला.

३१ मे, शनिवार

आज अठरावा डबा. चिंच. तो परत ठेवला आणि म्हटलं, झालं. फळीवर ओळ अगदी सरळ दिसते. फोटो काढला. लेखाला होईल.

१ जून, रविवार

क्लेमेंटने दुपारी सांगितलं. आईसोबत तोही जातोय. वरची खोली दोघांसाठी बांधलीय. किती दिवस, विचारलं. म्हणाला, "ज्युली, तुझं वाक्य पूर्ण कर. मग बोलू." आणि खोलीत गेला.

अठराही डबे उतरवले. सगळे रिकामे. घासलेले, उन्हात वाळवलेले. प्रत्येक डबा मीच खाली दिला होता. मीच परत ठेवला होता. क्लेमेंटच्या कपाटाचे तिन्ही कप्पेही मोकळे.

सासू दारात आली. हाक एकदाच मारली. "ज्युली, काशीरामानी केलेला ता स्टूल. तेवढा काडून दे गो."

टेम्पो उद्या सकाळी नऊला येणार आहे. त्याच्या आत मला माळ्यावर चढायचं आहे.