लोणच्याची फोड

मंगळवार, संध्याकाळ. सेनगाव

डोकं ठिकाणावर न्हाई आज.

सातवीपासून मी आन् प्रणाली डबे बदलून खातो. खरं तर मला तिच्या आईच्या हातचं लिंबाचं लोणचं पाहिजे असायचं. दिवाळीनंतर पप्पांनी तिच्या आईशी लग्न केलं, दोघी आमच्या घरी आल्या. मैत्रीण होती, ती बहीण झाली. आता दोन्ही डबे एकाच ओट्यावर भरतात, तरी आमी सवयीनं बदलतोच.

आज सुट्टीत डबे उघडले. दोन्हीत वांग्याचीच भाजी, पण लोणच्याची फोड फक्त माझ्या डब्यात. प्रणालीनं तिच्या डब्याचं झाकण लावून टाकलं. "खा. आईनं तुलाच दिलंय. आता माझ्याकडं तुला द्यायला काय राहिलं?" शाळा सुटल्यावर ती माझ्या पुढं पुढं चालत घरी आली.

मग मी मावशीला म्हटलं (तिला अजून मावशीच म्हणते, आई म्हणायला जीभ वळत न्हाई), "उद्यापासून माझ्या डब्यात लोणचं नको."

तिचा हात थांबला. "काहून गं? खारट झालं का?"

मी नुसती 'न्हाई' अशी मान हलवली. तिला वाटलं असंल, मला तिच्या हातचं नको. तसं कसं असंल? ती फोड प्रणालीच्या डब्यात टाक, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर मावशी म्हणाली असती, हिच्यात टाकलं काय आन् तिच्यात टाकलं काय, घर तर एकच हाय.

हाय का?