ठराव क्रमांक पाचचा अनुमोदक

२३ ऑगस्ट
परवाच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त आज लिहून पूर्ण. सभा अजून व्हायची आहे, पण ती सभेची अडचण, वहीची नाही. सोळा वर्षं वाचनालयाचा सचिव आहे, सोळा वर्षं आधीच लिहितो. होणार काय ते ठरलेलंच : चारची सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब, साडेचारला त्याच खुर्च्यांवर तीच माणसं, वाचन, मंजुरी, आभार, कचोरी. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक लागतो. एकाने मांडायचं, दुसऱ्याने पाठिंबा द्यायचा. कोण कशाला विचारत बसतो? ती नावं मीच भरतो. फिरती ठेवतो, म्हणजे कुणी रुसत नाही.
बायको, सुमन, म्हणाली, "लग्नाआधीच बारसं उरकताय." हसलो. अक्षर या वेळी फार छान आलंय.

२५ ऑगस्ट, रविवार
सभा झाली. ठ. क्र. ५ : दुपारी दोन ते पाचचा महिला वाचन वर्ग बंद करून ती खोली स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिकेसाठी द्यावी. नाना अध्यक्ष, ते म्हणाले "मंजूर?", हॉलमधून "मंजूर, मंजूर" आलं. कचोऱ्या मागच्या टेबलावर येऊन पडल्या होत्या, सगळ्यांचं नाक तिकडे. आणि अक्का उठल्या.
अक्का सत्तरीच्या, अंगणवाडीतून निवृत्त, सभेला येणारी एकमेव बाई. वर्ग त्यांचाच. गल्लीतल्या बायका पेपर अडखळत वाचतात, या समोर बसून ऐकतात, चुकलं की पुन्हा वाचायला लावतात. सभेत कधी चकार शब्द काढत नाहीत. आज काढला, त्यांच्या अहिराणीत. "नाना, पोऱ्हेसले सकाय शे, रात शे. या बायासले फकत दुपारच शे. मन्हा इरोध शे, लिखी ल्या."
नाना म्हणाले, "नोंद घेतली, अक्का," आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पेनचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं.
घरी येऊन वही उघडली. "ठ. क्र. ५ सर्वानुमते मंजूर. अनुमोदक :" आणि पुढे अक्कांचं नाव, परवाच लिहिलेलं, पूर्ण, वळणदार. सवयीने लिहिलं गेलं. उद्या बघू.

२६ ऑगस्ट
नानांकडे सहीसाठी वही नेली. म्हटलं, ५ खाली अक्कांचं नाव पडलंय, बदलावं लागेल. नाना चष्मा पुसत म्हणाले, "एवढ्या पानावर खाडाखोड करणार? एकट्याच तर होत्या. ठराव काही त्यांच्यामुळे पडत नव्हता. धर्मादाय आयुक्तांकडे प्रत जायची, स्वच्छ असू द्या."
स्वच्छ असू दिली. खरं तर मला तेच ऐकायचं होतं. पानावरून हात फिरवत घरी आलो.

१९ सप्टेंबर
ठरावाची प्रत फलकावर लावून आठवडा झाला. आज दुपारी वाचनालयात गेलो तर बायका वर्गाच्या खोलीच्या कुलपासमोर. त्यातली छाया, शिवणकाम करते, मागच्या वर्षी सही करायला शिकली आणि आता बोर्ड दिसला की वाचते, ती फलकाखाली उभी. अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचत होती. अ-नु-मो-द-क. मग अक्कांचं नाव. तिथे अडखळली नाही.
बाकीच्यांनी विचारलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, म्हणजे अक्कांनीच सांगितलं बंद करा म्हणून.
मी कपाटाआड होतो. वर्गणीच्या पावत्या शोधतोय असं दाखवलं. शोधायचं काही नव्हतं.

३ ऑक्टोबर
घटस्थापना. अक्का घरी आल्या. पाणी नको म्हणाल्या, बसल्या नाहीत.
"भाऊ, मन्हं नाव कसाले लिखं? माले इचारं का?"
म्हटलं, अक्का, पद्धत असते ती, नावं फिरती...
"मी उभी राहीसन बोलनू. तुम्ही ऐकं ना?"
"ऐकलं."
"मंग?"
मंग काय! अक्काच पुढे म्हणाल्या, वर्गातल्या बठ्ठ्या बाया मन्हासंगे बोलतीस नही, रस्ता बदली लेतीस. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर समजूत घालता आली असती.
सुमन चहा घेऊन आली तोवर त्या गेल्या होत्या. तिने दोन्ही कप तसेच आत नेले.

९ नोव्हेंबर
या डायरीची मागची पानं चाळली. २५ ऑगस्टला मी लिहिलंय, "सवयीने लिहिलं गेलं." खोटं आहे. कोणी न वाचणाऱ्या वहीतसुद्धा खोटं!
अक्कांचं नाव मी दरवर्षी आभाराच्या ठरावाला देतो. या वर्षी ५ ला दिलं ते मुद्दाम. बायकांचा वर्ग बंद होतोय, तेव्हा खाली बाईचंच नाव असलेलं बरं, उद्या कुणी बोट दाखवायला नको. असा विचार करून लिहिलं, आणि लिहिल्यावर स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहा मागवला होता. तेही आठवतंय.
लाज वाटते. वाटलं होतं, लिहिलं की थोडी कमी होईल.

१४ जानेवारी
संक्रांत. ब्लाउज आणायला म्हणून सुमनऐवजी मीच छायाकडे गेलो. तिळगूळ दिला आणि सांगून टाकलं : अक्कांनी पाठिंबा दिला नव्हता, उलट विरोध केला होता, नाव मी घातलं.
तिने मशीन थांबवली. "काका, अक्कांनी पाठवलं का तुम्हाला?"
"नाही गं, मी आपणहून आलो."
"मग कागदावर तसं कसं? खाली नानांची सही आहे. तुमची पण आहे."
म्हटलं, कागद चुकीचा आहे. ती म्हणाली, "कागद चुकीचा असता तर एवढे दिवस लावून ठेवला असता का?" आणि ब्लाउज घडी करून दिला.
बरोबर बोलली. तोंडी सांगणं म्हणजे दुकानाच्या मागच्या दाराने माल परत करणं. जिथे लिहिलं तिथेच दुरुस्त करायला हवं. त्याला पुढची वार्षिक सभा : विषय क्र. १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. म्हणजे ऑगस्ट. सात महिने मिळाले म्हणून हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

४ ऑगस्ट, सोमवार
कानबाईचं विसर्जन. सकाळी देवीची मिरवणूक दारावरून गेली. बायका फुगड्या घालत, गाणी म्हणत पांझरा नदीकडे. दरवर्षी पहिलं गाणं अक्का उचलतात, बाकीच्या मागून. या वर्षी कुणीतरी दुसरीच उचलत होती, मधेच विसरली, हसल्या सगळ्या, परत सुरू.
अक्का स्वतःच्या ओट्यावर उभ्या होत्या. नवं लुगडं नेसून. बोलावतील असं वाटलं असणार. छायाने एकदा वळून पाहिलं, पण मिरवणूक पुढे गेली. विसरलेलं कडवं अक्का ओट्यावरून हळू म्हणत होत्या. ओठ हलताना मला दिसले.
मी आत येऊन बसलो. एवढ्याशा शाईने एवढं होतं.

१० ऑगस्ट
नानांना सांगितलं, २४ ला सभेत दुरुस्ती मांडणार.
नाना रागावले नाहीत, तेच अवघड जातं. समजावत राहिले. "अहो, अभ्यासिकेत मुलं बसतात, एक पोलीस भरतीत लागला. वाईट काय झालं?" वाईट काही नाही झालं. ठराव चुकीचा असं मी म्हणतच नाही. "मग? एक अनुमोदक खोटा म्हणालात की लोक विचारणार, बाकीचे खरे कशावरून? सोळा वर्षांत कोण कुठे अनुमोदक होतं, आठवतंय तुम्हाला?"
नाही आठवत. दोन वर्षांपूर्वी एकाला मी सूचक केलं, तो त्या दिवशी मुलीकडे नाशिकला होता. हे आत्ता लिहिताना आठवलं.
निघताना नाना म्हणाले, "तुमच्या अक्षराचं सगळे किती कौतुक करतात. त्याची तरी लाज राखा." त्यांना टोमणा मारायचा नव्हता. पण बसला.

२३ ऑगस्ट
उद्या सभा. वही कोरी. सतरा वर्षांत पहिल्यांदा. सुमनने दोनदा डोकावून पाहिलं, म्हणाली, "तब्येत बरी आहे ना?"
दुरुस्ती एका चिठ्ठीवर लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवली आहे. चारच ओळी. अक्कांना निरोप दिला, याच. त्या म्हणाल्या, बघसू.

२४ ऑगस्ट, रविवार
चारला तहकूब, साडेचारला तीच सभा. अक्का मागच्या रांगेत, दाराजवळ. मी मागचं इतिवृत्त वाचलं. ५ ला आलो तेव्हा थांबलो. पाणी प्यायलो, वाचलं. अक्कांचं नावही वाचलं. मग नाना म्हणाले, "कायम करावं?" आणि नेहमीचं "कायम, कायम" सुरू व्हायच्या आत मी म्हणालो, माझी दुरुस्ती आहे.
चिठ्ठी काढली. चार ओळींना बराच वेळ लागला. वरून बोललो तेही : नाव मी घातलं, त्यांना न विचारता, मुद्दाम, आणि त्यांनी विरोध केल्यावरही तसंच ठेवलं.
मागच्या टेबलाशी आधीच गेलेल्या एकाची कचोरी हातातच राहिली. कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं.
नाना शांतपणे म्हणाले, "दुरुस्ती म्हणजे ठरावच. सूचक तुम्ही. अनुमोदक कोण?"
मी समोर पाहिलं. सोळा वर्षं ज्यांची नावं न विचारता लिहिली ते सगळे बसले होते. कोणी घड्याळ पाहिलं, कोणी चपलेत पाय घातले. चूक त्यांचीही नाही म्हणा. हात वर केला तर गेल्या वर्षी आपणही "मंजूर" म्हणालो होतो हे कबूल करावं लागतं.
मी अक्कांकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. हात मांडीवर, एकावर एक. हलले नाहीत.
नाना म्हणाले, "अनुमोदनाअभावी विषय तहकूब. गणपती उठले की सात सप्टेंबरला विशेष सभा." मग कचोरी. मला गिळवली नाही.
बाहेर अक्का चपला घालत होत्या. मी विचारलं, अक्का, तुम्ही एक हात वर केला असता तर?
"एकडाव न इचारता माले अनुमोदक करं. आते इचारं तरी मी व्हसू नही." मग पायरी उतरून थांबल्या. "मन्हं नाव तुम्ही टाकं, भाऊ. तुम्हीच काढा."

२५ ऑगस्ट
सभा झाल्यावर लिहिलेलं माझं पहिलं इतिवृत्त. दुपार गेली. कोण काय म्हणालं ते आठवून लिहायचं म्हणजे फार कष्टाचं काम निघालं. अक्षर अगदी बिघडलंय, दोन ठिकाणी खाडाखोड. "सूचक : सचिव" लिहिलं. "अनुमोदक :" लिहिलं आणि पेन आपसूक पुढे सरकलं. एक नाव टोकाशी आलंसुद्धा होतं. टोपण लावलं.
सकाळी तिघांकडे जाऊन आलो होतो. एक म्हणाले, विचार करतो. एक म्हणाले, कशाला उकरता? तिसऱ्यांकडे सांगितलं घरी नाहीत, चपला दारात होत्या. सात तारखेपर्यंत बाकीच्यांकडेही जाणार.
संध्याकाळी प्रत फलकावर लावली, ती जागा कोरी ठेवून. टाचणी टोचत असतानाच छाया समोरून चालली होती, थांबली. पिशवी खाली ठेवून वाचायला लागली, बोट ठेवून, मोठ्याने. "...सदर सदस्यांनी विरोध केला होता..." इथे तिचा आवाज बारीक झाला. वाचत वाचत खाली आली.
"काका, इथे अनुमोदकापुढे नावच नाही."
म्हटलं, नाही. कुणी तयार नाही अजून.
तिने बोट परत वर नेलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागली.