टक्क्यांपुढची माणसं

॥ श्री ॥
इंदूर, २ ऑगस्ट १९९७

चि. मनीष,
अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटरवर प्रबंध छापायचं तुझं ते लेटेक चुलीत घाल! पुण्यात बसून ताईला सोपं आहे, सोपं आहे म्हणायला तुझं काय जातं? इथे अन्नपूर्णा भागातल्या कॉम्प्युटर क्लासातली पोरं उठली की मला मशीन मिळतं, आणि लाइट गेली की केलेलं सगळं पाण्यात. तू सांगितलंस तसा प्रबंध फोडला. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, आणि एक मुख्य फाइल, तिच्यात नुसतं कुणामागे कोण येणार ते. छापलं तर अनुक्रमणिका कोरी, आणि जिथे अमुक प्रकरण पाहा असं लिहिलं होतं तिथे दोन-दोन प्रश्नचिन्हं. दिमाग खराब झालाय माझा.

त्यात चौथं प्रकरण. बाबांची कापडमिल बंद पडल्यावर माणसं कुठे गेली, ते त्यांच्याच तोंडून. ही मंडळी माझ्याशी बोलली ती केवळ बाबांकडे बघून. मिलच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी मांडण्यात जन्म काढलेला माणूस, सगळे अजून टाइमबाबूच म्हणतात. बाबांनी घरोघर शब्द दिलाय की तुमचं म्हणणं जसंच्या तसं छापून येईल. साचेखात्यातले, मागावर कापड विणणारे लक्ष्मणकाका तर किती दिवस नाहीच म्हणत होते. आता सियागंजच्या बाजारात मालाचा ठेला ओढतात रे. आमचे गाईडसर म्हणतात, नुसत्या कहाण्या चालायच्या नाहीत, प्रत्येक परिच्छेद टक्केवारीने सुरू कर. करतेय बापडी.

सगळ्यांना सांभाळून राहा. राग पत्रापुरता आहे, माया कायमची.
तुझी,
अरूताई

पुणे, ९ ऑगस्ट १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चुलीत घालण्याआधी एकदा ऐक. फाइल दोनदा चालव. पहिल्या वेळी ते कुठलं प्रकरण कुठल्या पानावर आलं ते फक्त टिपून ठेवतं, छापतं दुसऱ्या वेळी. लग्नघरात आधी पानं मोजतात आणि मग वाढतात, तसं. प्रश्नचिन्हं आपोआप जातील.

आणखी एक. तू दर दोन शब्दांनी एंटर मारतेस, ते बंद कर. परिच्छेद कितीही लांब होवो, एका दमात एकाच ओळीत टाइप कर, संपला की एक ओळ कोरी सोड. दिसायला नीट राहतं.

बाबांना साष्टांग. सराफ्यात भुट्ट्याचा कीस सुरू झाला असेल. माझ्या वाटचा खा, पण मला कळवू नकोस.
तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
मनीष

इंदूर, २६ ऑगस्ट १९९७

चि. मनीष,
अनेक आशीर्वाद.

वाटोळं झालं. आता मस्करी करू नकोस.

दोनदा चालवलं. अनुक्रमणिका आली, प्रश्नचिन्हं गेली. गठ्ठा जरा बारीक वाटला, पण मी मूर्ख, खूश झाले. म्हटलं कॉम्प्युटर दाटून छापतो. मी तपासायच्या आधीच बाबांनी तो पेपरात गुंडाळला आणि मिलच्या गेटसमोरच्या चहाच्या दुकानात नेला. जुनी मंडळी अजून पहिल्या पाळीच्या वेळेला तिथेच जमतात. लक्ष्मणकाकांना जावयाने बुऱ्हाणपूरला पॉवरलूमवर काम बघून दिलंय. आपलं म्हणणं ऐकून मगच गाडी पकडायची म्हणून ते थांबले होते.

बाबा इंग्रजी वाचून आपल्या बोलीत सांगत होते. चौथं प्रकरण काढलं. साचेखात्यातले सुमारे चाळीस, एवढं छापलेलं, आणि पुढे काहीच नाही. मग सूत कातणाऱ्या रिंगखात्यातले पंचवीस, पुन्हा काही नाही. बाबा पानं उलटतायत, मागे जातायत, पुढे जातायत. माणूस एकही नाही! शेवटी लक्ष्मणकाका उठले. म्हणाले की टाइमबाबू, हजेरी घेऊन नाव काटायची आदत गेली नाही तुमची. आणि निघून गेले.

बाबांनी घरी येऊन एकच विचारलं, की सरांनी काढायला लावलं का. मी शपथ घेऊन नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. जेवायला बसतात, दोन घास खाऊन उठतात. आणि मनीष, फाइल उघडली तर सगळं जागच्या जागी आहे! लक्ष्मणकाका, त्यांचा ठेला, बायकोचं मंगळसूत्र मोडलं ते, शब्द न् शब्द. पडद्यावर आहे आणि कागदावर नाही. मी रडले रे त्या क्लासात, पोरांसमोर.

ताबडतोब लिही. बाकी क्षेम म्हणवत नाही.
तुझी,
अरूताई

पुणे, ३१ ऑगस्ट १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, चूक तुझी नाही, माझी आहे. लेटेकमध्ये टक्क्याच्या खुणेचा अर्थ असा, की इथून ओळ संपेपर्यंतचं लिहिणाऱ्याचं खासगी टिपण, छापायचं नाही. सरांनी तुला प्रत्येक परिच्छेद टक्क्यांनी सुरू करायला लावला, आणि मी शहाण्याने तो एकाच ओळीत टाइप करायला सांगितला. म्हणून आकडा छापला गेला आणि माणूस आत राहिला. प्रत्येक टक्क्याच्या खुणेआधी उलटी तिरकी रेघ दे, सगळे बाहेर येतील. हे मला आधी सांगायचं सुचलं नाही, याची फार लाज वाटते.

बाबांना क्लासात घेऊन जा आणि पडद्यावर दाखव. काहीही पुसलेलं नाही.
रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
मनीष

इंदूर, २० सप्टेंबर १९९७

चि. मनीष यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र अरूने वाचून दाखवले. मी तिच्यासोबत क्लासात गेलो. तिने रेघा दिल्या आणि मंडळी एकेक करून कागदावर आली. मी पोरीवर उगाच संशय घेतला, ते तिला बोलून दाखवले. ती म्हणाली, तुम्ही आधी जेवा.

तिने आणखी एक केले. परिच्छेदात माणूस पुढे घेतला, टक्के मागे ढकलले. सर भडकले. ही म्हणाली की आता पाहिजे तर नापास करा. स्वभाव तुझ्या आईवर गेलाय.

नवीन पाने घेऊन मी बसने बुऱ्हाणपूरला गेलो. लक्ष्मण पाळीवर होता. मला पाहून त्याने मान फिरवली. भोंगा होईपर्यंत दारात थांबलो, मग चहावर त्याला त्याचे पान वाचून सांगितले. खुणेची भानगडही समजावली. त्याने ते पान माझ्या हातातून घेतले. मग म्हणाला की बाबूजी, मालकाने काढले, सरकारने काढले, तुमच्या मशीननेही काढले. पण काढल्यावर परत घेतले ते या मशीननेच.

ते पान त्याने घडी करून खिशात ठेवले. मी अरूकडे दुसरे छापून मागितले आहे.
तब्येतीस जप. इकडची माया तुला पोचतच असेल.
तुझा,
बाबा