कुलूप काहून?

माय, काल सभागृहात तुझा शब्द आला. मी खाली मधल्या टेबलाशी मान वहीत घालून बसले होते, दर डिसेंबरला बसते तशीच. माझं काम तुला शेवटपर्यंत नीट समजलं नाही. मोहल्ल्यात तू छाती फुगवून सांगायचीस, ‘माही पोरगी मंत्र्याईचे भाषणं लिहिते.’ मी कुणाची भाषणं लिहीत नाही वं, ते बोलतात ते लघुलिपीत उतरवते आणि मग टाइप करते. प्रतिवेदक म्हणतात आम्हाला. हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून सगळं बिऱ्हाड नागपुरात उतरतं, त्यात मीही असते. बाकीच्यांना इथल्या थंडीचं अन् सावजी रश्श्याचं कौतुक. मी मात्र आपल्या कामठीची ऑटो दिसली की नजर वळवते, कारण आता तिच्यात बसून जाण्यासारखं तिकडं कुणी उरलेलं नाही.

विरोधी पक्षनेत्या मुख्यमंत्र्यांना प्रश्न विचारत होत्या. विषय दवाखान्याचा. एका गावात बाळंतपणाचा दवाखाना बांधून तयार आहे, पण उघडत नाही, आणि बाया नागपूरच्या वाटेवर गाडीतच बाळंत होतात. या बाई आपल्याच भागातल्या, पण एरवी फार नेटकं बोलतात, इस्त्री केलेलं. त्यांचं बोलणं उतरवायला मला कधी त्रास होत नाही. काल मात्र बोलता बोलता त्यांचा आवाज चढला आणि इस्त्री मोडली. ‘अध्यक्ष महोदय, इमारत झाली, फीत कापली, पाटीही लागली. मंग कुलूप काहून?’ माझी पेन्सिल तिथंच थबकली. इतक्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

कारण हे वाक्य मी आधी ऐकलंय, माय. आपल्या मोहल्ल्यामागं तसाच एक दवाखाना झाला होता, आठवतो ना? काकूला कळा सुरू झाल्या तेव्हा तू तिला घेऊन आधी तिथंच धावलीस. कुलूप होतं. मग रिक्षा शोधली, आणि नागपूर यायच्या आधीच सगळं आटोपलं. काकू वाचली, बाळ नाही. महिन्याभरानं कुणी मोठे साहेब पाहणीला आले, त्यांच्यासाठी मांडव घातला होता. तू मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं चाक तसंच टाकून निघालीस. पदराला सुताचे तुकडे चिकटलेले, मी तुझ्यामागं. सगळे हार घालत होते, आणि तू मधोमध उभी राहून म्हणालीस, ‘साहेब, दवाखान्याले कुलूप काहून आहे? आमच्या बाया रस्त्यावर बाळंत होऊन राहिल्या.’ साहेब म्हणाले, ‘काहून म्हणजे काय हो बाई? मराठीत विचारा ना.’ आणि मांडव हसला. साहेबांचं सोड, ते परगावचे. आपलेच लोक हसले, घरी सकाळी उठल्यापासून काहून-काहून करणारे. तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायची मग कुणाला गरजच उरली नाही.

घरी येऊन तू कणीक मळायला घेतलीस. परात जमिनीवर सरकेल इतक्या जोरानं मळत होतीस. बऱ्याच वेळानं म्हणालीस, ‘हासून राहिले होते वं सारे. मी काय जोक सांगून राहिली होती?’ मी शाळेत जाणारी, हुशार समजली जाणारी. म्हटलं, ‘माय, का म्हणावं. काहून नाही म्हणत.’ तू माझ्याकडं पाहिलंस. ‘का म्हटलं असतं तं कुलूप निघालं असतं?’ एवढंच. तुझ्या तोंडून मला ओरडा पुष्कळ मिळाला, पण असा लागलेला दुसरा नाही. पुढं मी लघुलेखनाच्या क्लासला जाऊ लागले तेव्हा तूच एक दिवस विचारलंस, ‘काहून कसं लिहितेत त्याच्यात?’ क्लासमध्ये ‘का’ची खूण शिकवली होती, ‘काहून’ची नव्हती. मी आवाज जोडून जोडून एक रेघ बनवली, शेपटीला बाक असलेली, आणि पोळपाटावरच्या पिठात काढून दाखवली. ‘इतकुसाच?’ म्हणत तूही बोटानं तशीच काढलीस. तुला सही करतानाही घाम फुटायचा, पण ही रेघ एकदम झोकात आली. नंतर कधी मधी पोळ्या लाटायच्या आधी तू ती काढायचीस, आणि माझ्याकडं बघून हसायचीस. पेन मिळालं, नोकरी लागल्यावर घड्याळ मिळालं, पण मला तुझ्याकडून मिळालेली वस्तू म्हटली की ती रेघ आठवते.

कालही हशा पिकला. मागच्या बाकांवरून कुणीतरी ‘काहूऽऽन’ म्हणून सूर लावला आणि सगळे हसले. त्यातले निम्मे इकडचेच. मुख्यमंत्री हसले नाहीत, म्हणजे किंचितच. ते उठले आणि म्हणाले, ‘सन्माननीय विरोधी पक्षनेत्यांच्या भावना मी समजू शकतो. माहिती घेऊन सभागृहाला अवगत करण्यात येईल.’ करण्यात येईल. हे शब्द मी इतक्यांदा उतरवलेत की हात आपोआप चालतो. कोण करेल, कधी करेल, हे त्यात शोधूनही सापडत नाही. बाई खाली बसल्या, पाणी प्यायल्या, आणि अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला.

टाइप करून मी मजकूर आमच्या वरिष्ठांकडं नेला. माणूस चांगला आहे, पण भाषेच्या बाबतीत सोवळा. म्हणाले, ‘हे “काहून” काय ठेवलंत? प्रमाण करून घ्या. नेहमी करता की.’ खरं होतं. वर्षानुवर्षं मी ‘मले’चं ‘मला’ करत आलेय, ‘काहून’चं ‘का’. म्हटलं, ‘करते साहेब. पण पुढं कंसात हशा आहे. “मग कुलूप का?” यावर कोण हसेल?’ त्यांनी चष्मा वर केला. ‘मग हशा काढा.’ म्हटलं, ‘झालेला हशा कसा काढू? आपण झालं तेच लिहितो ना?’ त्यांनी तेवढी ओळ पुन्हा वाचली आणि हसून म्हणाले, ‘राहू द्या. तुम्ही नागपूरकर हट्टी.’ जागेवर आले तेव्हा डोळे भरून आले होते. इतका आनंद मला बढतीचाही झाला नव्हता. ‘का’ माणूस मनातल्या मनातही विचारतो वं. ‘काहून’ला समोर कुणीतरी उभं लागतं.

आज सकाळी बाईंकडं तपासायला गेलेली प्रत परत आली. बोललेल्यात काही दुरुस्ती असेल तर सभासद करून देतात. मला वाटलं होतं, त्या स्वतःच लाजून ‘काहून’ खोडतील. काही खोडलं नव्हतं. खाली सही तेवढी.

हे पत्र कुठं टाकायचं नाही हे मला कळतं, मांडव हसला होता ती जागाही आता ओळखू येत नाही. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली, ती साहेबांना सांगता येणार नाही आणि बाईंनाही नाही. माझ्या वहीत मुख्यमंत्र्यांच्या उत्तराच्या खाली शेपटीला बाक असलेली ती रेघ आणखी एकदा आहे. मी ध्वनिमुद्रण लावून पाहिलं, पुन्हा लावलं. ‘करण्यात येईल’ नंतर तिथं नुसता बाकांचा आवाज आहे, आणि ग्लास ठेवल्याचा. कुणी काही बोललेलं नाही. तरी मी ते कालच टाइप केलं, आणि आता ते कामकाजात कायमचं छापलं जाईल. विरोधी पक्षनेत्या : काहून?

ते त्यांनी विचारलेलं नाही, माय. ते तुझं आहे.