आभारापुरती

१२ डिसेंबर
पुन्हा आभार प्रदर्शन. सलग तिसरं वर्ष. यापुढे इथे नुसतं आ.प्र. लिहिणार, पूर्ण लिहिण्याइतकी त्याची लायकी नाही. प्रास्ताविक सरांचं, सूत्रसंचालन अक्षयचं, आणि लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले की मी, शीतल. आज पाहुण्यांना घाई होती, सरांनी खालूनच हात हलवला, आटप. "सर्वांचे आभार" म्हणून उतरले. कोणी ऐकलं नाही, मी पण नाही.

नंतर धीर करून सरांना विद्यार्थी सचिवाचं विचारलं. आमच्याकडे निवडणूक नसते, राष्ट्रीय सेवा योजनेचे सर म्हणतील तो सचिव. सर म्हणाले, शिबिर होऊ दे, कोण कसं काम करतं पाहू. शेवटचं वर्ष आहे. आता नाही तर कधीच नाही.

१८ डिसेंबर
घाट उतरून घरी. मोताळ्यापर्यंत एसटीत उभ्याने. माय मेथीच्या जुड्या बांधत होती, उद्या बाजार. सचिवाचं सांगितलं.

"त्यानं काय होते वं?"

काय होते ते सांगता येईना. एकदा तरी कार्यक्रम कसा व्हावा हे मला ठरवायचंय. संपल्यावर बोलायचा कंटाळा आलाय. मायला हे कसं सांगणार. बाबा म्हणाले, "करू दे ना तिले. थंडी राहीन तिथं, माही घोंगडी घेऊन जाय." घोंगडीला शेळ्यांचा वास येतो. घेतली.

४ जानेवारी
शिबिर सुरू. जि.प. शाळेच्या दोन खोल्या, मुली एकीत. उद्घाटनाला सरपंच आले असं सगळे म्हणाले. सरपंच बाई आहेत, आले ते त्यांचे यजमान. हार त्यांनाच, शाल त्यांनाच, भाषणही त्यांचंच, स्त्री सक्षमीकरणावर. पोरी ओढणीत तोंड घालून हसल्या. मीही हसले. आ.प्र. केलं, यजमानांचं नाव दोनदा घेतलं.

६ जाने.
शाळेची मोटर जळाली. साठ पोरं, पाणी नाही. यजमानांचा फोन लागेना. सर डोक्याला हात लावून बसले. मग गावातले वामनआबा स्वतःच आले. शाळेमागे त्यांचा मळा. "लेकरं तहानली ठेवतं का कोनी," म्हणाले आणि मळ्यातून शाळेपर्यंत पाइप टाकून दिला. संध्याकाळी गव्हाचं पाणी बंद ठेवतात, आमच्या टाकीसाठी.

८ जाने.
आज बरं वाटलं, लिहून ठेवते, असं फार होत नाही.

शोषखड्ड्यांचं काम रेंगाळलं होतं. पोरं अक्षयचं ऐकत होती, म्हणजे गाणी ऐकत होती. मी मुलींना म्हटलं, चला, आपण आपला खड्डा आपणच खणू, कोणाची वाट पाहू नका. उठल्या. सगळ्या उठल्या. मला वाटलं होतं दोघी-तिघी येतील. दुपारपर्यंत दोन खड्डे झाले, मग पोरं लाजून आली. सर येऊन पाहून गेले, मग परत येऊन पुन्हा पाहिलं.

हातांना फोड. माझ्या बोलण्याने लोक जागचे हलतात हे मला माहीत नव्हतं.

१० जाने.
काय झालं ते नीट लिहायला पाहिजे.

समारोप. सरांनी आ.प्र.ची नावं दिली. त्यात वामनआबा नव्हते. विचारलं. सर म्हणाले, राहू दे, गावचं राजकारण आहे. मागच्या निवडणुकीत आबांची सून यजमानांच्या बायकोविरुद्ध उभी होती. यजमान स्टेजवर बसणार.

ठीक आहे म्हटलं. खरंच ठीक आहे म्हटलं होतं.

मग माइकसमोर उभी राहिले. आबा मागे लिंबाखाली बसलेले, पायजमा गुडघ्यापर्यंत, नुकताच पाइप गुंडाळून आलेले. दिलेली नावं संपली आणि तोंडातून गेलं, "ज्यांचं पाणी आपण रोज प्यायलो ते वामनआबा, यांचे आभार मानल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही." टाळ्या पडल्या. आ.प्र.ला टाळ्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या.

यजमान उठून गेले. शाल-श्रीफळ खुर्चीवरच.

११ जाने.
मुली म्हणतात शूर आहेस. शूर वगैरे काही नाही. पाणी प्यायलो तर नाव घेतात, घरी हेच शिकवलं. आधी विचार केला असता तर गप्प बसले असते, मला मी माहीत आहे.

१४ जाने.
संक्रांत. सरांनी केबिनमध्ये बोलावलं, तिळगूळ हातावर ठेवला. गोड बोला म्हणाले नाहीत. गाव कॉलेजने दत्तक घेतलंय, अजून दोन शिबिरं तिथेच व्हायची होती. यजमानांनी प्राचार्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. प्राचार्य सरांवर, सर माझ्यावर. "तुला सचिव करायचं मी ठरवलं होतं, शीतल. त्या खड्ड्यांच्या दिवशीच ठरवलं होतं."

हे त्यांनी सांगायला नको होतं.

बाहेर अक्षय. "तू बोलली ते बरोबरच व्हतं बे. पण काऊन बोलली?" वाईट नाही तो. आता सचिव तोच होणार, आणि मला त्याचा रागही येत नाही. काहीच येत नाही.

१७ जाने.
घरी आलेय. जेवण जात नाही. मायला वाटतं ताप आहे.

वामनआबांचा फोन आला, नंबर कोणाकडून मिळवला माहीत नाही. त्यांच्या मळ्याची पाइपलाइन गावच्या रस्त्याखालून जाते. विनापरवाना आहे, उकरून काढा, असं ग्रामपंचायतीने सांगितलंय. गहू ओंबीत आलाय.

"काऊन घेतलं वं नाव, बाई? म्या पानी नावासाठी थोडीच देल्लं व्हतं." रागावून नाही, थकून बोलले. मी सॉरी म्हटलं. "तू कायले सॉरी म्हन्तं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

ज्याचं भलं करायला गेले त्याच्याच शेतात नांगर घातला. झोप नाही.

१९ जाने.
बाबांना सगळं सांगितलं. वाटलं ओरडतील. वांग्याच्या वाफ्यातलं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. मग म्हणाले, "तू खोटं बोलली का?" नाही. "मंग?" त्या 'मंग'चं काय करू? गावात राहायचं तर खरं बोलून भागत नाही हे त्यांनाही माहीत आहे. तेही वाकूनच राहिलेत.

२३ जाने.
सरांबरोबर यजमानांच्या घरी. बाहेर बैठकीत सर, यजमान आणि अजून दोघं. मी दाराशी.

यजमान म्हणाले, "नाव माइकवर घेतलं, त माफी बी माइकवरच. सव्वीस तारखेले, झेंडावंदनाले, सगळ्या गावापुढं." मग पाइपाचं पाहू, शिबिराचंही पाहू. सर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, सचिवाचं पत्र अजून निघालेलं नाही. सगळ्यांचं भलं एका 'चुकलं'मध्ये बसवलेलं.

मग मला चहा आणायला आत पाठवलं. आत सरपंचबाई. चुलीपाशी, एवढ्याशा, पदर डोक्यावर. शिबिरात एकदाही दिसल्या नव्हत्या. कपबशा पुसता पुसता माझ्याकडे बघत होत्या.

"तूच का ते माइकवाली?"

हो म्हटलं.

"मले नाही कधी देल्ला त्यायनं माइक. झेंड्याची दोरी तेवढी माह्या हाती राह्यते. दोरी वढते अन् मांगं सरकते." हसल्या. मला हसू आलं नाही. "माफी मांगून टाक, बाई. म्हाताऱ्याचा गहू जाईन. म्या बी सांगून पाह्यलं यायले, आयकत नाहीत."

मी ट्रे उचलला. मागून म्हणाल्या, "पन त्या दिवशी तू एवढ्या लोकायचं नाव घेतलं. म्या घरात बसून भोंग्यावर आयकत व्हती. मले वाटलं माहं बी येईन."

मी ट्रे परत खाली ठेवला. राहिलं ते यादीत नव्हतं म्हणून नाही. मला त्यांचं नाव माहीतच नव्हतं. सात दिवस त्यांच्या गावात राहून मी विचारलंसुद्धा नाही. आम्ही त्यांच्यावर हसलो. वामनआबांचं नाव घेऊन मी केवढी मोठी झाले होते स्वतःच्या नजरेत.

"नाव काय तुमचं?"

"मथुरा."

मग ट्रे उचलून बाहेर नेला.

२४ जाने.
सचिव होऊन काय होणार होतं? त्या तर सरपंच आहेत. दिवसभर हेच. मायचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर चुलीपाशी बसलेलं होतं.

तरी हवं आहे मला ते पद. लाज वाटते, पण हवं आहे. त्या दिवशी मुली उठल्या होत्या ना.

२५ जाने.
सरांनी मोबाइलवर माफी लिहून पाठवली. "माननीय सरपंच" असं आहे, आणि पुढे नाव यजमानांचं. पाठ झाली, चारच ओळी. त्यात मथुराबाईंचं नाव कुठे बसतं ते पाहत होते. कुठेच बसत नाही. सरपंच म्हणून त्यांचं नाव घेतलं की ती माफी राहत नाही. मग आबांचा पाइप निघतो, आणि कदाचित बाईंनाही घरात काही भोगावं लागेल. मागच्या वेळी विचार न करता बोलले होते. या वेळी विचार करकरून डोकं दुखतंय आणि हाती काही लागत नाही.

बाबा म्हणाले, मी येऊ का संगं? नको म्हटलं.

मायने पांढरा ड्रेस धुऊन टाकलाय. सकाळी पहिल्या बसने निघायचं. गावातल्या कार्यक्रमालाही सूत्रसंचालन अक्षयचंच, सर त्याला घेऊन येणार. मथुराबाई दोरी ओढतील, मागे सरकतील, आणि लगेच तो माझं नाव पुकारेल.